एलियन ३ : परत बघण्यालायक आहे का?

रात्रपाळी
परग्रहावरच्या प्राण्याच्या 'एलियन' सिनेमांचे पहिले दोन भाग आमच्याकडे सगळ्यांना तोंडपाठ. तिसरा मात्र मी एकदाच, तोही केबलवर अर्धामुर्धा बघितलाय. सुरुवातीलाच दुसऱ्या भागातून वाचलेल्या छोट्या न्यूटला आणि सैनिक हिक्सला मारून टाकलेलं बघून डोकंच फिरलं. ज्या पोरीसाठी नायिका रिप्ली जिवावर उदार होऊन परत खाली उतरली, तिला अशी झोपेतच संपवायची? आता मित्र म्हणतो, असेंब्ली कट (नंतर आलेली लांब आवृत्ती) बघ, मत बदलेल. खरंच बदलतं, की उगाच अडीच तास पाण्यात?

कापाकापी
बघा. मी पोटापाण्यासाठी एडिटिंग करतो, तेव्हा थोडा पक्षपात धरून चाला.

सिनेमाचं खोबरं कागदावरच झालं होतं. व्हिन्सेंट वॉर्डच्या कथेत लाकडी ग्रह होता, त्यावर ख्रिस्ती मठ. ती बारगळली, मठाचा तुरुंग झाला आणि मठवासीयांचे कैदी. दिग्दर्शक डेव्हिड फिंचरचा हा पहिलाच सिनेमा, आणि पटकथा पुरी व्हायच्या आत शूटिंग सुरू. १९९२ला थिएटरात लागला तो स्टुडिओने कापलेला. २००३च्या डीव्हीडी संचात साधारण अर्ध्या तासाने लांब असा हा असेंब्ली कट आला, पण फिंचर त्यापासूनही लांबच राहिला. म्हणून त्याला डायरेक्टर्स कट म्हणत नाहीत.

मोठा फरक म्हणजे गॉलिक नावाचा कैदी. थिएटरच्या कटमध्ये हा माणूस मध्येच गायब होतो. लांब कटमध्ये कैदी जिवाची बाजी लावून प्राण्याला कचऱ्याच्या कोठारात कोंडतात, आणि हा भारावलेला बाबा पहारेकऱ्याला मारून दार उघडतो. जिंकलेला डाव आपल्यातलाच एक जण घालवतो! हे कापून टाकायचं सुचलं कुणाला, देव जाणे.

न्यूटबद्दल मात्र माझं मत उलटं आहे. ती मेली नसती तर शवविच्छेदनाचा सीनच नसता. कॉलरा झाला असेल, अशी थाप मारून रिप्ली डॉक्टर क्लेमेन्सला छाती उघडायला लावते. पोरीच्या छातीत त्या प्राण्याचं पिल्लू असेल ही खरी शंका तिला सांगता येत नाही, आणि न बघून चालत नाही. देह जवळजवळ दिसतच नाही. हत्यारांचा आवाज, जाळीकडे ओघळणारं रक्त, आणि रिप्ली झालेल्या सिगर्नी वीव्हरचा चेहरा. एवढ्यावर अंगावर काटा येतो.

मग भट्टीपाशी अंत्यविधी. अधीक्षक ठरलेल्या ओळी म्हणून मोकळा होतो, मग कैद्यांचा म्होरक्या डिलन पुढे येऊन मनापासून बोलतो, आणि तिकडे मेलेल्या बैलातून तो प्राणी जन्माला येतो (थिएटरच्या कटमध्ये कुत्रा आहे). अख्ख्या मालिकेत याच्या तोडीची जोडणी मला तरी आठवत नाही.

मु_पो_सांगली
एवढं कौतुक ठीक, पण शेवटच्या पाठलागाचं काय? सगळे टकले, सगळे मळकट, सगळं तपकिरी. कोण मेला ते कळेपर्यंत पुढचा गेलेला असतो. त्यात काही शॉट्समध्ये प्राणी वरून चिकटवल्यासारखा दिसतो.

कापाकापी
यावर वाद नाही. खरी चूक तीच, आणि लांब कटनेही ती सुटत नाही. पाठलागाआधी प्रेक्षकाच्या डोक्यात जागेचा नकाशा बसायला हवा. पहिल्या भागात कॅप्टन डॅलस झडपांच्या बोगद्यात शिरतो तेव्हा यंत्रावरचे ठिपके आपण बघत असतो. दुसऱ्यात दिग्दर्शक कॅमेरॉन वेढ्याआधी वसाहतीचे आराखडेच पसरून दाखवतो. इथे योजना नुसती बोलून दाखवतात. मग कॅमेरा उलटा होऊन छतावरून धावायला लागतो. दिसतो झकास, पण कुठलं दार कुठे उघडतं याचा पत्ताच नाही. लोक तीस वर्षं न्यूटवरून भांडतायत, आणि पडतो तो सिनेमा या बोळांमध्ये.

रात्रपाळी
बरं, रविवारी लावतो. पोरगा पण बसणार म्हणतोय, तेरा वर्षांचा आहे. चालेल?

कापाकापी
शवविच्छेदनाआधी त्याला झोपायला पाठवा. आणि टीव्हीचा ब्राइटनेस वाढवून ठेवा, नाहीतर शेवटचा अर्धा तास नुसता ऐकावा लागेल.