शब्दचर्चा: ट्यूटोरियलला धडा म्हणावं, पाठ म्हणावं की मार्गदर्शिका?

प्रश्न

एका मुक्तस्रोत वेब फ्रेमवर्कसाठी (वेबसाइट बनवायला लागणारा तयार सांगाडा) मराठीतून ट्यूटोरियल लिहायचं आमच्या गटात ठरलं आहे. आराखड्याच्या पहिल्याच ओळीत ‘नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका’ असं लिहिलं आणि तिथेच गाडी अडली. एकाला ‘धडे’ हवंय, दुसऱ्याला ‘पाठ’, तिसरा म्हणतो ‘ट्यूटोरियल’च राहू द्या. शिवाय ‘नवशिका’ आणि ‘नवखा’ यांत फरक करावा का?

उत्तर

जरूर करावा, आणि आराखडा पुढे सरकण्याआधी करावा. ज्याचं शिकणं नुकतं सुरू झालंय तो नवशिका. नवखा माणूस दुसरीकडे चांगला मुरलेला असू शकतो, फक्त इथे नवा असतो. तुमच्याकडे दोघंही येणार. ज्याने आजवर एकही प्रोग्रॅम लिहिलेला नाही त्याला टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) कसं उघडायचं, फाइल कोणत्या फोल्डरमध्ये सेव्ह करायची इथपासून सांगावं लागतं. पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेत वर्षानुवर्षं काम केलेल्याला तेच वाचायला लावलं तर तो दुसऱ्या परिच्छेदातच कंटाळतो.

जँगो या पायथॉन भाषेतल्या वेब फ्रेमवर्कच्या बाबतीत ही विभागणी आपोआप झालेली दिसते. त्याचं अधिकृत ट्यूटोरियल पायथॉन थोडंफार येतं असं धरून चालतं, म्हणजे ते नवख्यांसाठी आहे. २०१४ साली सुरू झालेल्या जँगो गर्ल्स उपक्रमाचं ट्यूटोरियल इंटरनेट कसं चालतं, कमांड लाइन म्हणजे काय, इथून सुरू होतं. ते खऱ्या अर्थाने नवशिक्यांचं. दोन्ही गटांना एकाच मजकुरात बसवायचा मोह टाळा. आराखड्याच्या वर ‘वाचकाला काय येतं असं धरलं आहे’ हे दोन वाक्यांत लिहून ठेवा, पुढचे निम्मे वाद तिथेच मिटतील.

आता नावाकडे. ‘मार्गदर्शिका’ हाती घेणाऱ्याला कुठे जायचंय हे ठाऊक असतं, वाट तेवढी हवी असते. नवशिक्याला मुक्कामच माहीत नसतो. ‘पाठ’ चालेल, पण ‘पाठ करणे’मुळे त्याला घोकंपट्टीचा वास येतो. माझं मत ‘धडा’ या शब्दाला. धड्यात शिकवणारा गृहीत असतो आणि धडा आपण गिरवतो. गिरवणाऱ्याने रेघेवरून हात फिरवायचा, रेघ नीट आखून देण्याची जबाबदारी आखणाऱ्याची. ट्यूटोरियलमध्ये नेमकं हेच अपेक्षित असतं. सांगितलं तसं टाइप केलं तर सांगितलं तेच पडद्यावर दिसायला हवं. दिसलं नाही तर चूक लिहिणाऱ्याची.

याचं एक सुंदर उदाहरण जँगोच्या ट्यूटोरियलमध्येच आहे. तिथे आपण एक छोटं मतचाचणीचं ॲप बनवतो. दुसऱ्या भागात शेलमध्ये (पायथॉनची आज्ञा टाइप करताच उत्तर मिळतं ती जागा) एक प्रश्न तयार करून डेटाबेसमध्ये साठवतो आणि मग सगळे प्रश्न मागवतो. समोर येतं ‘क्वेश्चन ऑब्जेक्ट (१)’. यावरून प्रश्न कोणता हे काहीच कळत नाही. इथे धडा वाचकाला घाबरू देत नाही. हे उत्तर उपयोगाचं नाही असं तो स्वतःच म्हणतो, मॉडेलमध्ये, म्हणजे साठवायच्या माहितीच्या साच्यात, ‘स्ट्र’ नावाची पद्धत लिहायला सांगतो (नावाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर) आणि तीच आज्ञा पुन्हा चालवायला लावतो. आता प्रश्नाचा मजकूर दिसतो. ती पद्धत कशासाठी असते हे आधी परिभाषेत सांगितलं असतं तर डोक्यावरून गेलं असतं. गरज आधी दाखवली म्हणून ती लक्षात राहते. तुमच्या आराखड्यात प्रत्येक धड्यासमोर ‘वाचकाला इथे काय खटकेल’ असा एक रकाना ठेवा.

आक्षेप

‘धडा’ म्हटलं की ‘चांगला धडा शिकवला’ आठवतं. नवीन माणसाला दरडावल्यासारखं नाही का वाटणार?

उत्तर

तो अर्थ ‘धडा शिकवणे’ या वाक्प्रचाराचा आहे. ‘धडा पहिला’ हे शीर्षक वाचून कुणी बिचकत नाही, शाळेपासूनची सवय आहे.

मात्र सगळ्याच मजकुराला ‘धडा’ म्हणू नका. ‘लॉगिनची सोय कशी करायची’ हा मजकूर म्हणजे कृती. ती वाचणाऱ्याला काय करायचंय हे पक्कं ठाऊक असतं. फंक्शनांची यादी हा संदर्भ, आणि ‘हे असंच का रचलं’ याचं उत्तर म्हणजे विवेचन. जँगोच्या दस्तऐवजांतही साधारण असेच चार भाग आहेत. धडा लिहिताना मधेच विवेचनात शिरलं की नवशिक्याची तंद्री तुटते. तिथे एक ओळ लिहून विवेचनाचा दुवा द्यावा आणि पुढे जावं.

आणखी एक मत

क्रियापदांबद्दल बोलायचंय. ‘फाइल उघडावी’, ‘आज्ञा कार्यान्वित करावी’ ही परिपत्रकाची भाषा झाली. ‘फाइल उघडा’, ‘ही आज्ञा चालवा’ असं साधं लिहा. शिकणाऱ्याला सोबत घ्यायचं तिथे ‘आपण’ वापरा, फ्रेमवर्क बनवणाऱ्यांच्या निर्णयाबद्दल सांगताना ‘आम्ही’. मराठीत ही सोय आहे, तिचा पुरेपूर फायदा घ्यावा.

‘फक्त’, ‘सहज’, ‘नुसतं’ हे शब्द मात्र कटाक्षाने गाळा. ‘फक्त एवढी आज्ञा चालवा’ असं वाचलं आणि ती चालली नाही, तर माणूस समजतो आपल्यातच काही कमी आहे. काम सोपं असल्याचं भासवणारे शब्द टाळा, अशी सूचना जँगोने आपल्या दस्तऐवज-लेखकांना लिहूनच दिली आहे. आपणही ती जशीच्या तशी घ्यावी.

प्रश्नकर्ता

‘नवख्यांसाठी धडे’ पक्कं. पण ‘मायग्रेशन’ला ‘स्थलांतर’ आणि ‘व्ह्यू’ला ‘दृश्य’ चालेल का?

उत्तर

दोन्ही नकोत. ‘स्थलांतर’ वाचून माहिती एकीकडून दुसरीकडे गेली असं वाटेल. जँगोमध्ये मायग्रेशनने मुख्यतः डेटाबेसमधल्या तक्त्यांची रचना बदलते, डेटा जागच्या जागी असतो. ‘व्ह्यू’ म्हणजे विनंती घेऊन प्रतिसाद परत देणारं फंक्शन. पान दिसतं कसं, ते टेम्प्लेट, म्हणजे पानाचा साचा, ठरवतं, त्यामुळे ‘दृश्य’ म्हटलं की वाचक नेमका चुकीच्या फाइलमध्ये जाऊन शोधतो. मूळ शब्द देवनागरीत ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात अर्थ सांगा. ‘फ्रेमवर्क’लाही ‘चौकट’ करू नका, कुणी तसं बोलत नाही.

‘आवृत्ती’ हा शब्द मात्र खुशाल वापरा, तो रुळलेला आहे, आणि प्रत्येक धड्याच्या माथ्यावर छापा: ‘हा धडा अमुक आवृत्तीवर तपासला आहे’. जँगोची नवी आवृत्ती साधारण दर आठ महिन्यांनी येते, तुमच्या फ्रेमवर्कचंही असं काही वेळापत्रक असेलच. नवी आवृत्ती आली की पहिल्या धड्यापासून शेवटपर्यंत सगळं स्वतःच्या हाताने कोण टाइप करून पाहणार, त्याचं नाव आराखड्यात आजच लिहून टाका.