मुलांची रजा शाळेला कशी कळवता? ठाणे-नवी मुंबईकर पालकांचे अनुभव

गणपती तोंडावर आले की पालकांमध्ये हाच विषय निघतो. कुठे डायरीत लिहून द्यायचं, कुठे ॲपवर टाकायचं, कुठे वर्गशिक्षिकेला नुसता मेसेज. तुमच्याकडे काय चालतं, कुठे अडलं, ते लिहा. शाळेचं नाव मात्र नको.

घोडबंदर रोड: लेक दहावीला, सीबीएसई. ऐन पावसाळ्यात डेंग्यू झाला, मग अशक्तपणा. बोर्डाला ७५ टक्के हजेरी लागते, तीही १ जानेवारीपर्यंतची धरतात. आजारपणात सवलत मिळते, पण कागद शाळेमार्फत बोर्डाच्या विभागीय कार्यालयात जावे लागतात. तिला ॲडमिट केलं तेव्हाच नवऱ्याने अर्ज नेऊन दिला आणि दुसऱ्या प्रतीवर शाळेचा शिक्का, तारीख घेतली. पुढे डिस्चार्ज कार्ड, रिपोर्ट, डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडलं. डिसेंबरात ऑफिसातून "तुम्ही कळवलंच नव्हतं" असा सूर निघाला, तेव्हा तो शिक्क्याचा कागद पुढे केला. विषय संपला. वर्गाच्या ग्रुपवर हात जोडल्याच्या इमोजींचा पाऊस पडला होता, त्याला ऑफिसात कोण विचारतं!

ऐरोली: माझा उलटा किस्सा. वाशी लोकलमध्ये उभी होते, शाळेचा मेसेज आला, 'आपला पाल्य आज गैरहजर आहे'. पोरगा तर डोळ्यांदेखत व्हॅनमध्ये बसलेला! पाय लटपटले. व्हॅनवाल्या काकांना फोन लावला, ते म्हणाले, "ताई, आत्ताच सोडला, ट्रॅफिक होतं." तो वर्गात पोचेपर्यंत हजेरी होऊन गेली होती. दुरुस्ती करून घेतली. तरी मेसेजची सोय हवीच. नसती तर खरंच काही झालेलं दुपारी कळलं असतं.

दिवा: जावेने डायरीत 'पोट बिघडले' लिहिलं आणि सगळे कोकणात. पुतण्याने परत आल्यावर बाईंना उकडीच्या मोदकांचा आकडाच सांगितला! बाई हसल्या, म्हणाल्या, "गौरी-गणपतीला गावी, असं सरळ लिहा की."

कळवा (मी शिक्षिका, मनपा शाळा): आमच्याकडे अर्ज क्वचितच येतो. भातलावणीला घरच गावी जातं, फोन बंद. मग शेजारी विचारायचं, जमलं तर घरी जाऊन यायचं. गैरहजर राहतो म्हणून आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, शिक्षण हक्क कायदा आहे. कॅटलॉगमध्ये मात्र रोज 'गै' मांडावाच लागतो. पालकांनो, निदान चालू नंबर तरी द्या.

खारघर: ज्युनिअर केजीलाही अर्ज लागतो का?

घोडबंदर रोड: आमच्याकडे लागायचा. आणि कांजण्या वगैरे असतील तर परत पाठवताना डॉक्टरांची चिठ्ठीही मागतात. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत पाठवूच नका.