मदत हवी आहे : अंगठ्याचे फ्युजन करावे की इम्प्लांट बसवावे?

धोटा : मला पुढच्या आठवड्यात निर्णय कळवायचा आहे, त्यामुळे जाणकारांनी लवकर उत्तर द्यावे. माझ्या अंगठ्याच्या सांध्याची झीज झाली आहे. एका डॉक्टरांनी फ्युजन, म्हणजे दोन्ही हाडे प्लेट आणि स्क्रूने कायमची जोडून टाकण्याचा सल्ला दिला आहे, तर दुसऱ्यांच्या मते सांधा हलता ठेवणारे इम्प्लांट बसवता येईल. काय करावे?

सात रस्ता : अंगठा हाताचा की पायाचा, वय किती, मधुमेह आहे का आणि इम्प्लांट कोणते, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. मी भौतिकोपचारतज्ज्ञ आहे, पण एवढ्या माहितीवर मलाही काही सांगता येणार नाही.

धोटा : पायाचाच, डावा, मला ते उघड वाटले. वय ५४. टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा आहे, त्यामुळे मागापाशी चवड्यांवर बसून काम करावे लागते आणि तेव्हा सगळा भार दुमडलेल्या अंगठ्यावर येतो. चालताना अंगठा वाचवतो, म्हणून डावी चप्पल बाहेरच्या कडेने पार झिजली आहे. इम्प्लांटचे नाव विचारले नाही.

शेंगाचटणी : शस्त्रक्रियेची घाई कशासाठी? आमच्या आईच्या गुडघ्याला एरंडाचे पान गरम करून बांधले आणि महिनाभरात ती जिना चढू लागली.

भुईकोट : प्रश्न गुडघ्याचा नाही, ताई. धोटा, माझे फ्युजन २०२१ मध्ये झाले. सहा आठवडे खास बूट घालून फक्त टाचेवर भार द्यायचा होता आणि हाड पक्के जुळायला जवळपास तीन महिने लागले. त्यानंतर सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या वेळी नंदीध्वजांमागून अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा मी अनवाणी पूर्ण केली. अंगठा जमिनीपासून किंचित वर उचललेल्या कोनात जोडतात, त्यामुळे पाऊल टाकताना अडत नाही. मात्र टाच टेकवून बसता येत असले, तरी चवड्यांवर बसता येत नाही, आणि आपल्या कामाला नेमके तेच लागते.

निवृत्त गुरुजी : गुडघा बदलता येतो, मग अंगठ्यालाच आयुष्यभराचे कुलूप का लावावे? अमेरिकेतील माझ्या मेहुण्यांनी २०१८ मध्ये हायड्रोजेलचे इम्प्लांट बसवून घेतले आणि ते आजही रोज फिरायला जातात.

सात रस्ता : गुरुजी, मेहुण्यांना बरे वाटते याचा आनंदच आहे, परंतु ते बहुधा पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे, ८ किंवा १० मिलिमीटर व्यासाचे बूच असावे. अमेरिकेत त्याला २०१६ मध्ये मान्यता मिळाली होती. पुढे ते हाडात खोल रुतण्याचे, जागेवरून सरकण्याचे आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रकार अपेक्षेपेक्षा जास्त दिसल्याने ऑक्टोबर २०२४ मध्ये कंपनीनेच ते बाजारातून परत घेतले. सिलिकॉनच्या जुन्या इम्प्लांटचे बारीक कण झिजून सांध्याला सूज आणतात, हेही अनेक वर्षांपासून माहीत आहे. इम्प्लांट काढावे लागले तर शेवटी फ्युजनच करतात, पण तोवर हाड कमी झालेले असल्याने पुष्कळदा कमरेच्या हाडाचा तुकडा घेऊन ती पोकळी भरावी लागते.

निवृत्त गुरुजी : म्हणजे नवीन काही करूच नये, असेच ना?

सात रस्ता : तसे मी म्हटलेले नाही. सांधा वाचवायचा म्हणजे इम्प्लांटच बसवायचे, हा समज मात्र चुकीचा आहे. अंगठा पूर्ण वर वाकवला तरच दुखत असेल, तर बहुधा सांध्याच्या वरच्या बाजूला वाढलेले हाड आड येत असते; तेवढेच तासून काढणारी चायलेक्टोमी नावाची लहान शस्त्रक्रिया आहे आणि तिच्यानंतर फ्युजनचा मार्ग मोकळा राहतो. हालचालीच्या मध्यावरही दुखत असेल, तर कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत अस्तर, संपत आलेली असते आणि तिथे नुसते तासून फारसे भागत नाही. धोटा, आपले कसे दुखते?

कडक भाकरी : त्याआधी युरिक ॲसिड तपासले का? अंगठा रात्रीतून लाल होऊन सुजत असेल, तर ते गाउट असू शकते.

धोटा : युरिक ॲसिड ठीक आहे. साखर आहे; तीन महिन्यांची सरासरी ८.४ आली होती. आत्ता अंगठा हाताने हलवून पाहिला : मधे काही नाही, अगदी शेवटी वर नेताना जीव जातो. वरच्या बाजूला हरभऱ्याएवढा टणक उंचवटा लागतो, चपलेचा पट्टा तिथेच घासतो.

भुईकोट : मधुमेहाचे आधी सांगायला हवे होते. वाढलेल्या साखरेत जखम आणि हाड दोन्ही उशिरा भरतात. माझ्या डॉक्टरांनी साखर आटोक्यात आल्याशिवाय तारीखच दिली नव्हती.

सात रस्ता : मग पुढच्या आठवड्यात निर्णय देण्याची गरजच दिसत नाही. तोवर अंगठ्याखाली न वाकणारा, कडक तळाचा बूट वापरून पाहावा. आपण सांगता त्यावरून दोन्ही डॉक्टरांना चायलेक्टोमीबद्दल विचारणे योग्य ठरेल आणि दुसऱ्यांकडून इम्प्लांटचे नाव लिहून घ्यावे. एक्स-रे उभे राहून, पायावर भार देऊन काढला होता का? सांध्यात खरोखर किती जागा उरली आहे, ते त्यात नीट दिसते.

धोटा : टेबलावर झोपवून काढला होता. सोमवारी पाळी संपल्यावर उभे राहून काढून घेतो आणि इथे कळवतो.