डबा जसाच्या तसा परत येतोय, काय करू?

विश्रामबागची आई
नमस्कार मंडळी. आम्ही सांगलीत, विश्रामबागला राहतो. मुलगी यंदा पहिलीत गेली आणि जूनपासून तिचा डबा जवळजवळ भरलेलाच घरी येतोय. ह्यांना आठला कुपवाडच्या एमआयडीसीत पोचायचं असतं, म्हणून सातच्या आत सगळ्यांच्या चपात्या-भाजी उरकते. तिची शाळा साडेदहाला, जेवणाची सुट्टी दीडला, जेमतेम वीस मिनिटं. बटाटा, भेंडी, दोडका, सगळं देऊन झालं. घरी हीच भेंडी पोरगी दोनदा मागून खाते! शाळेतून आली की दप्तर टाकून साखर-चपाती मागते, आणि मी तिचा डबा उघडून ओट्याशी उभी असते. खरं सांगते, रडू येतं. बिस्किटं, वेफर्स मला द्यायचे नाहीत. ताजं, साधं आणि तिला आवडेल असं काय देऊ?

मिरजेची काकू
अगं, रडू नकोस. मी २२ वर्षं अंगणवाडीत पोरांना जेवू घातलंय. भाजी बदलायच्या आधी एक कर. उद्या तिच्यासारखाच दुसरा डबा भर, त्याच वेळी झाकण लाव आणि दीडला तू स्वतः तो खा. गरम करायचा नाही हं.

आणि सातची चपाती दीडला म्हणजे साडेसहा तास झाले की. कणीक सकाळीच मळ, पण तिच्यापुरत्या दोन चपात्या निघायच्या आधी लाट. तेवढ्या गोळ्यात पाण्याऐवजी दूध घातलंस तर दशमीसारख्या मऊ राहतात. तव्यावरची चपाती थेट डब्यात टाकू नकोस. चाळणीवर पसर, वाफ जाऊ दे, मग सुती फडक्यात गुंडाळ.

साताऱ्याचा बाबा
ताई, आमच्याकडे डबा मी भरतो. मुलगा दुसरीत आहे. दहीभात आंबट होतो म्हणून तो खायचा नाही, तेव्हा आईनं मला दुधाचा भात शिकवला. मऊ भात घोटून कोमट होऊ द्यायचा. वाटीभर भाताला पाऊण वाटी कोमट दूध आणि चहाचा एक चमचा दही. थंडीत दोन चमचे. वरून जिरं-कढीपत्त्याची फोडणी. दहाला कालवलेला भात दीडपर्यंत डब्यातच विरजतो, गोडसर लागतो. भात गरम असताना दही घातलं तर मात्र फाटतं, माझं दोनदा झालंय.

दुसरं म्हणजे घेवडा. कोरेगावकडचा वाघ्या घेवडा रात्री भिजत घालतो, सकाळी कुकरला अगदी मऊ शिजवून तुपावर जिरं, मीठ, चिमूटभर गूळ. रस्सा ठेवत नाही. मुलगा एकेक दाणा उचलून खातो.

तासगावची मावशी
धपाटे कर गं. दोन वाट्या ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी बेसन, मूठभर कणीक, बारीक चिरलेली मेथी, लसूण-जिरं वाटून, हळद, मीठ, तीळ, चमचाभर तेल. ताकात मळ, ताकानं मऊ राहतात. ज्वारीचं पीठ जुनं असेल तर विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, गेलेली असते, थापताना चिरा पडतात. तेव्हा ताजं दळून आण. आणि थापायचे बशीएवढेच. मोठा धपाटा मोडत बसलं की पोराची सुट्टी संपते. कोपऱ्यात आमच्याकडचा बेदाणा आणि भाजलेले शेंगदाणे दे, मूठभर.

विश्रामबागची आई
काकू, तुमचं ऐकलं. सोमवारी दोन डबे भरले आणि दीडला मी माझा उघडला. झाकणाच्या आतून पाण्याचे थेंब लोंबत होते. खालची चपाती ओली होऊन डब्याच्या बुडाला चिकटलेली, वरचीची कड कडक. भेंडीला तार सुटलेली. मला अर्धी चपाती गिळवेना, आणि मी लेकीवर महिनाभर चिडत होते. संध्याकाळी तिला जवळ घेऊन विचारलं तर म्हणाली, "आई, चपाती ओली असते गं."

मंगळवारी दहाला दुधातल्या दशम्या, चाळणीवर गार करून, बोटभर तुकडे कापून दिल्या. सोबत तूप-गूळ. एकच तुकडा परत आला. बुधवारी मावशींचे धपाटे पाच दिले, ते तिनं मैत्रिणीलाही दिले आणि उद्या सात दे म्हणाली. दादा, दुधाचा भात शुक्रवारी करणार आहे.

मावशी, एक सांगा, धपाट्यात मेथीऐवजी दुधीभोपळा किसून घातला तर दुपारपर्यंत पाणी सुटेल का? पिळून घेऊ, की त्या पाण्यातच पीठ मळू?

तासगावची मावशी
पिळू नकोस. त्याच पाण्यात मळ, ताक कमी घाल. आणि थापला की लगेच तव्यावर टाक, गोळा भिजत ठेवलास तर सैल पडेल.