दुसऱ्या अपिलात धारवाडला साक्षीपुरावा पुन्हा तपासतात का?

खानापूरकर:
आमचा वाटणीचा दावा तालुक्याच्या दिवाणी न्यायालयाने फेटाळला आणि बेळगावात पहिले अपीलही नामंजूर झाले. परवा माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांच्या हातचा मोडी कागद सापडला. वादातले शेत चुलत्यांकडे केवळ कसण्यासाठी दिल्याचे त्यात लिहिले आहे. धारवाड खंडपीठात सगळे पहिल्यापासून ऐकतील, असे घरचे म्हणतात. ते खरे आहे का?

वकील, बेळगाव:
नाही. साक्षीदार खरे बोलला की खोटे, हा वाद साधारणपणे पहिल्या अपिलातच संपतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 100 मध्ये 1976 साली दुरुस्ती झाल्यापासून, महत्त्वाचा कायदेविषयक प्रश्न उभा राहत असेल तरच उच्च न्यायालय दुसरे अपील ऐकते. म्हणून आपण आधी अपिलाचा निकाल वाचावा. वादाचे मुद्दे काढून प्रत्येकावर कारणांसह निर्णय देणे अपील न्यायालयावर त्याच संहितेच्या आदेश 41, नियम 31 नुसार बंधनकारक आहे. तिथे खालच्या निकालाचीच री ओढलेली असेल, तर तोच आपला कायदेविषयक प्रश्न होऊ शकतो.

निपाणीचा वाचक:
मोडी कागदासाठी त्याच आदेशाचा, अपिलात नवा पुरावा देऊ देणारा नियम 27 आहे, पण पुरेशी खटपट करूनही तो आधी हाती का लागला नाही, हे पटवावे लागेल. घरच्याच माळ्यावर होता म्हटल्यावर ते अवघडच. शिवाय उच्च न्यायालयाचे काम इंग्रजीत चालते, म्हणजे मोडीचे देवनागरी आणि मग इंग्रजी करून घ्यावे लागेल. त्यातल्या त्यात बरे एवढेच, की 2008 पासून धारवाडला बेंच आहे. त्याआधी बेंगळुरूच गाठावे लागे.

खानापूरकर:
सीमाप्रश्नाचा दावा 2004 मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयात दाखल झाला. आम्हाला तसे जाता येणार नाही का?

वकील, बेळगाव:
तो दावा राज्याने घटनेच्या कलम 131 खाली केला. ती वाट खासगी पक्षकारांसाठी नाही. आपल्याला उच्च न्यायालय ओलांडून जाता येणार नाही. निकाल कधी लागला आणि नक्कल मागितली का?

खानापूरकर:
61 दिवस झाले. नक्कल अजून मागितलेली नाही.

वकील, बेळगाव:
मुदत 90 दिवसांची आहे. नकलेच्या अर्जापासून ती तयार होईपर्यंतचे दिवस वजा होतात, पण अर्जाआधी गेलेले दिवस गेलेच. आपल्या हाती 29 उरले आहेत, तेव्हा अर्ज उद्याच द्यावा.