शेल्टरवाल्यांना काही विचारायचंच नाही का?

चिंचेची_आई: शेल्टरवर टीका करणाऱ्यांना सुनावणाऱ्या कालच्या त्या पोस्टनं डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. म्हणे "बोलणाऱ्यांनी आधी एक रविवार येऊन पिंजरे धुवावेत." मी चार महिन्यांचे रविवार धुतलेत. पुण्याजवळचं भटक्या कुत्र्यांचं एक शेल्टर, नाव घेत नाही. पार्वो विषाणूनं रक्ताची हगवण लागलेली पिल्लं आणि आदल्या दिवशी आलेली धडधाकट पिल्लं, मध्ये नुसती जाळी. पोछा एकच, बादली एकच, त्यात फिनेल. अहो, पार्वो फिनेलला दाद देत नाही, ब्लीच लागतं, आणि फरशीवर तो महिनोन्महिने टिकतो. सांगितलं तर "ताई, तुम्ही फार निगेटिव्ह बोलता." अकरातली दोन जगली, त्यातली एक माझी चिंच, तीही घरी सलाईन लावून. त्याच आठवड्यात टोपडं घातलेल्या पिल्लाची रील आणि खाली देणगीचा क्यूआर कोड!

भूभू_दादा: ती पोस्ट माझीच. ब्लीच लागतं हे आम्हालाही कळतं. रात्री दोनला हायवेवर मोडलेल्या पायाचं कुत्रं उचलायला तुमचे ब्लीचवाले कुणी येत नाहीत. सकाळी गेट उघडलं की खोक्यात सहा पिल्लं, ठेवणारा पसार. वेगळी खोली हवी, मान्य, भाडं कोण देणार?

चिंचेची_आई: मग सहा घेऊ नका ना. घेऊन मारण्यात कसली दया?

भूभू_दादा: गेटबाहेर ठेवू का मग? लिहायला काय जातं.

खवचट_काका: तुमचं चालू द्या, पण ही कुत्री आमच्या सोसायटीत येतात त्याचं काय? आई 74 वर्षांची, दूध आणायला गेली तर पोटरीला चावलं. रेबीजच्या लशीचे दिवस 0, 3, 7, 14, 28, पाच वेळा रिक्षानं दवाखाना. दहा नंबरच्या बाई जिन्याखाली रोज भात घालतात.

मनीमाऊ_77: कानाला काप होता का? म्हणजे नसबंदी झालेलं की नाही ते कळलं असतं.

खवचट_काका: चावताना त्यानं कान दाखवला नाही, माफ करा.

मनीमाऊ_77: उगाच चिडू नका. सुप्रीम कोर्टानं 22 ऑगस्ट 2025 ला सांगितलंय, नसबंदी आणि लस झाली की उचललं तिथंच सोडायचं.

खवचट_काका: पिसाळलेलं आणि अंगावर येणारं सोडायचं नाही, आणि खायला ठरवून दिलेल्या जागीच घालायचं, हेही त्यातच आहे. ते वाचताना बरा चष्मा सापडत नाही तुम्हाला. त्याआधीचा 11 ऑगस्टचा आदेश चांगला होता, दिल्लीतली सगळी उचला आणि शेल्टरमध्ये टाका.

चिंचेची_आई: कुठल्या शेल्टरमध्ये काका? वर मी लिहिलंय तसल्या? अकरा पिल्लं सांभाळता येईनात, तिथं अख्ख्या शहराची कुत्री कोंबणार?

खवचट_काका: हं. तेवढं बरोबर आहे. पण जिन्याखालचा भात बंद झालाच पाहिजे.

भूभू_दादा: काकांपुढे माझीच बाजू मांडलीत, आभार. उद्यापासून आजारी पिल्लांना वेगळा पोछा आणि ब्लीच. झालं समाधान?

चिंचेची_आई: बादली पण वेगळी. रविवारी येऊन बघणार आहे.