२४ मोठी, ८ छोटी मुलं आणि एक हॉल: हाउजी कशी घ्यावी?

ओटीवरून
शनिवारी संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये मुलांसाठी पाऊण तासाचा खेळ घ्यायचा आहे. सात ते बारा वयाची २४ मुलं आहेत, शिवाय चार ते सहा वयाची ८. संगीत खुर्ची नको, लवकर बाद झालेली मुलं मग हॉलभर धावत सुटतात. हाउजीचा (म्हणजे तांबोला, पुकारलेले आकडे आपल्या तिकिटावर कापत जायचे) विचार आहे. तिकिटं कशी घ्यायची, आकडे कसे पुकारायचे, बक्षिसं किती ठेवायची आणि गोंधळ नेमका कुठे होतो? माइक नाही. पंखे मात्र चार आहेत.

चिंचोका
२४ हा आकडा हाउजीला अगदी सोयीचा. तिकिटावर ३ ओळी, ९ रकाने आणि ओळीत ५ म्हणजे एकूण १५ आकडे. नीट छापलेल्या तिकिटांचा सहा-सहाचा ताव असतो आणि त्या सहांवर मिळून १ ते ९० सगळे आकडे एकेकदाच येतात. तुम्हाला चार पूर्ण ताव लागतील. मग कुठलाही आकडा पुकारला तरी हॉलमध्ये बरोबर चारच मुलांकडे तो असणार. पहिले पाच-सहा आकडे पुकारताना "कोणाकडे आहे, हात वर" म्हणा. तीनच हात आले तर एकाला ऐकू गेलेलं नाही किंवा सापडलेलं नाही. हे तेव्हाच कळलं तर पुढचं रडगाणं वाचतं. (मोबाइलवरून एकेक सुटं तिकीट काढलंत तर हा हिशेब लागू होत नाही.)

चारही ताव वेगवेगळे हवेत. एकाच तावाच्या चार झेरॉक्स काढल्या की प्रत्येक तिकिटाचे चार मालक होतात आणि फुल हाऊस (तिकिटावरचे पंधराही आकडे कापले जाणं) चौघांचं एकदम लागतं.

चिंचोके-राजमा ठेवून खेळायची मजा वेगळी, पण चार पंख्यांखाली सतरंजीवर ते जमत नाही. एक मूल उठलं की शेजाऱ्याचं तिकीट उधळतं. परीक्षेचं पॅड, त्याच्या चिमट्यात तिकीट आणि साधी पेन्सिल द्या. आकड्यावर एकच तिरकी रेघ. गिरवून काळा केलेला आकडा तपासताना वाचता येत नाही.

नव्वद_पुरे
पुकारण्याबद्दल. पुठ्ठ्याचे ९० तुकडे पिशवीत टाकण्याआधी मोजा. एक हरवलेला असेल तर ज्या चौघांकडे तो आकडा आहे त्यांचं फुल हाऊस कधीच लागणार नाही. ६ आणि ९, ६८ आणि ८९, ६६ आणि ९९ सारखे उलटे वाचता येणारे तुकडे असतातच, म्हणून प्रत्येक आकड्याखाली रेघ ओढा. (९९ हाउजीत नसतो, पण उलटा ६६ तसा दिसला की पुकारणारा क्षणभर अडतोच.) काढलेला तुकडा परत पिशवीत जाता कामा नये. दहा-दहाच्या नऊ ओळी आखलेल्या तक्त्यावर तो ठेवायचा. तिकीट तपासायचं ते याच तक्त्यावरून.

आकडा दोनदा सांगा: "पाच-नऊ, एकोणसाठ." 'एकोण' ऐकून एकोणसाठला ६९ शोधणारी मुलं हमखास निघतात, आणि इंग्रजी माध्यमाच्या मुलांचं त्रेसष्ट-त्र्याहत्तर-त्र्याऐंशी पक्कं नसतं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकातल्या, त्रेसष्टला 'साठ तीन' म्हणण्याच्या पद्धतीवरून बराच वाद झाला होता. हाउजी पुकारणाऱ्याला त्या पद्धतीची सोय लगेच पटेल. माइक नाही, तर शेजारी पाटी घेऊन एकाला उभं करा. त्याने आकडा मोठा लिहायचा आणि पुढचा येईपर्यंत पुसायचा नाही.

दोन आकड्यांत १२ सेकंद ठेवा. २४ तिकिटांत जल्दी फाइव्ह (तिकिटावरचे कुठलेही पाच आकडे सर्वांत आधी कापणं) साधारण १० ते १४ आकड्यांत लागतो आणि पहिलं फुल हाऊस बहुधा ७० ते ७५ च्या दरम्यान. म्हणजे पुकारण्याची पंधरा मिनिटं आणि तपासणीची पाच-सात. पाऊण तासात दोन डाव जेमतेम होतात.

पाटीपेन्सिल
छोट्यांना यात बसवू नका. नव्वदपर्यंतचे आकडे त्यांना झेपत नाहीत आणि वीस मिनिटं तर मुळीच नाही. त्यांची चित्रांची हाउजी हॉलच्या दुसऱ्या टोकाला घ्या: ३० चित्रं, प्रत्येकाला ३ गुणिले ३ चौकटींचं कार्ड. ८ कार्डांवर ७२ चौकटी होतात, तेव्हा प्रत्येक चित्र निदान दोन कार्डांवर येऊ द्या. चित्रं एकमेकांपासून लांबची निवडा: छत्री, कावळा, तवा, बस. टोमॅटो आणि सफरचंद एकत्र आले की भांडण ठरलेलं. पहिलं कार्ड साधारण २४ चित्रांत भरतं, पण तिथे थांबू नका; तिसाव्या चित्रापर्यंत न्या, सगळ्यांचीच भरतात. या वयाला चिंचोके नकोत, नाका-तोंडात जातात. मोठी बटणंही नकोत. जाड खडू द्या.

ओटीवरून
उत्तम. बक्षिसांचं काय? आणि एकाच आकड्यावर दोघं ओरडले तर?

चिंचोका
जल्दी फाइव्ह, तीन ओळी, चार कोपरे, तीन फुल हाऊस, अशी आठ. खोडरबर, चिक्की, शार्पनर असलं काहीतरी, सगळं एकाच किमतीचं. दोघांचं लागलं तर दोघांना द्या, त्यासाठी प्रत्येक प्रकारात दोन जास्त ठेवा. चिक्की अर्धी मोडून वाटू नका. एक बक्षीस मिळालेल्याने पुन्हा दावा करायचा नाही, हा नियम आधी सांगून टाका.

नव्वद_पुरे
फुल हाऊससाठी तो नियम मला पटत नाही. आधी जिंकलेल्या मुलाला मग पेन्सिल चालवण्यात रस राहत नाही. ओळींपुरता ठेवा, फुल हाऊस सगळ्यांना खुलं.

चार कोपरे म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्या ओळीतला पहिला व शेवटचा आकडा. तिकिटाचा कोपरा रिकामा असू शकतो, आणि "माझ्या कोपऱ्यात काहीच नाही" हा प्रश्न येणारच. फळ्यावर एक तिकीट काढून आधीच दाखवा. दावा पुढचा आकडा पुकारण्याआधी करायचा, हेही तेव्हाच सांगा. दावा चुकला की मोठ्यांच्या खेळात तिकीट बाद, 'बोगी'. मुलांत तसं करू नका. ज्याचं बाद झालं तो उठून छोट्यांच्या टोकाला जाईल आणि तिथली कार्डं उधळेल.